आवाज थांबले, तरी दिवस रिकामा का जातो? दीर्घकालीन स्किझोफ्रेनियातल्या जगण्याचा दर्जा सुधारण्यासाठी

स्किझोफ्रेनियाला दहा-पंधरा वर्षं झाली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता भास नाहीत, पण तो काहीच करत नाही." सुरुवातीच्या उपचारांचा सगळा भर भासातून ऐकू येणारे आवाज आणि संशय आटोक्यात आणण्यावर असतो, आणि तो असायलाच हवा. पुढच्या वर्षांत मात्र जगणं अडतं ते बहुतांशी दुसऱ्याच गोष्टींपाशी. उमेद गेलेली असते, नैराश्य कोणी ओळखलेलं नसतं, औषधांचे दुष्परिणाम अंगवळणी पडलेले असतात, वजन आणि शुगर वाढलेली असते, घरात रोज खटके उडत असतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत करायला काही नसतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. फक्त आपल्या माणसाचं नेमकं कशापाशी अडलंय ते आधी शोधावं लागतं, कारण एकाच वागण्यामागे पाच वेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

या लेखात आजारी व्यक्तीला शुभार्थी आणि काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हटलं आहे. मराठीत हे शब्द आता रुळले आहेत आणि 'पेशंट'पेक्षा ते माणसाला जास्त मान देतात.

आधी दोन आठवडे नुसती नोंद

या दोन आठवड्यांत काहीही बदलू नका. एक साधी वही घ्या आणि रोज चार गोष्टी लिहा : झोपेची आणि उठण्याची वेळ, गोळ्या घेतल्याची वेळ, दिवसातला कोणता तास कशात गेला, आणि मन कसं होतं ते ० ते १० मध्ये. शक्यतो वही शुभार्थीनेच भरावी, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. त्याने नकार दिला तर शुभंकराने लिहावी, पण त्याला सांगून. लपून लिहिलेली वही सापडली तर संशयाला खतपाणी मिळतं आणि महिनोन्‌महिने जपलेला विश्वास एका संध्याकाळी जातो.

सोबत सहा प्रश्न विचारा. झोप पुरेशी होते का? शरीराला काय त्रास होतो? मनाला सर्वांत जास्त काय खुपतं? कोणाशी मनमोकळं बोलता येतं? हातात स्वतःचे पैसे असतात का? आणि एकच गोष्ट बदलता आली तर कोणती बदलशील? शुभार्थी आणि शुभंकर यांनी उत्तरं वेगवेगळी लिहायची, मग शेजारी ठेवून वाचायची. जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची एक प्रश्नावली शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर या चार अंगांनी जगण्याचा दर्जा मोजते. मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे ती मिळाली तर उत्तमच, नाहीतर हे सहा प्रश्न सुरुवातीला पुरतात.

दोघांच्या उत्तरांत फरक निघतोच. घरच्यांना खुपतं ते 'नोकरी नाही, लग्न नाही', तर शुभार्थीला खुपत असतं ते 'दुपारी पाय स्वस्थ राहत नाहीत' किंवा 'मला कोणी काही विचारत नाही'. बाहेरून दिसणारा दर्जा उमेद आणि स्मरणशक्ती यांच्याशी जास्त बांधलेला असतो, तर स्वतःला जाणवणारा दर्जा नैराश्य आणि दुष्परिणाम यांच्याशी. सुरुवात शुभार्थीच्या यादीतल्या पहिल्या गोष्टीपासून करावी. त्याला खुपणारी एक गोष्ट सुटली की पुढच्या चार गोष्टींना तो साथ देतो, हे पुन्हा पुन्हा दिसून येतं.

'दिवसभर लोळत असतो' म्हणजे नक्की काय?

घरातली सर्वांत मोठी तक्रार हीच असते आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. आळस म्हणून ती मोडीत काढण्याआधी वही उघडा आणि पुढची कारणं एकेक करून तपासा.

गोळीची गुंगी असेल तर तिला वेळापत्रक असतं. रात्री अकराला गोळी घेतली की सकाळी दहापर्यंत डोकं जड, दुपारी बरं, संध्याकाळी चांगलाच मोकळा, असं चित्र वहीत दिसतं. डोस वाढवल्यावर ते गडद होतं. अशा वेळी डॉक्टरांना विचारून रात्रीची गोळी दोन-तीन तास अलीकडे आणता येते, किंवा सकाळच्या डोसचा काही भाग रात्रीकडे सरकवता येतो.

औषधाने आलेला कडकपणा ओळखायला माणसाला चालताना पाहा. एक किंवा दोन्ही हात झुलत नाहीत, पावलं लहान पडतात, चेहरा मुखवट्यासारखा स्थिर असतो. त्याला एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहायला सांगा आणि जुन्या वहीतलं अक्षर शेजारी ठेवा. ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक-बारीक होत गेलं असेल तर डॉक्टरांना तो कागदच दाखवा. ही मंदगती डोस कमी करून किंवा औषध बदलून सुधारू शकते. तिला 'उमेद नाही' समजून वर्षानुवर्षं तसंच सोडून दिलेली माणसं आहेत, आणि ते फार वाईट आहे.

नैराश्यात माणूस दुःखी असतो. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास', 'आता काय उरलंय' असं बोलतो, पहाटे लवकर जाग येते, भूक मरते. आजाराने उमेद गेलेली असते तेव्हा दुःखही ठळक नसतं. विचारलं तर 'काही नाही, बरंय' एवढंच उत्तर येतं. दोन्ही एकत्रही असू शकतात. नैराश्य असेल तर त्याच्यावर वेगळा उपचार मिळायलाच हवा. स्किझोफ्रेनियातलं नैराश्य मोजण्यासाठी कॅलगरी येथे तयार झालेली नऊ प्रश्नांची खास पट्टी आहे. डॉक्टरांना 'नैराश्य तपासाल का?' असं थेट विचारा.

उरलेले भास हेही कारण असतं. ओठ हलतात, कानात सतत हेडफोन असतो, माणसं जमली की तो खोलीत जातो. इथे अंथरूण हा आसरा असतो आणि तो हिसकावून घेतला तर त्रास वाढतो. आधी भासांवरचे उपचार पुन्हा तपासायला हवेत.

शेवटचं कारण सर्वांत साधं आहे : उठून करायचं काय? मानसोपचारतज्ज्ञ जॉन विंग आणि समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या तीन मनोरुग्णालयांतल्या दीर्घकालीन शुभार्थींचा अभ्यास केला. काहीही न करण्यात जाणारे तास ज्यांचे कमी झाले, त्यांचं अबोलपण आणि अलिप्तपणही कमी झालेलं दिसलं. घरातली एक रिकामी खोली रुग्णालयाच्या वॉर्डइतकीच माणसाला थिजवू शकते.

उमेद नसताना सुरुवात कशी करायची

आजारात आनंद घेण्याची क्षमता बऱ्यापैकी शाबूत असते. कमी होते ती 'आनंद होईल' अशी आगाऊ जाणीव. त्यामुळे 'फिरायला येतोस का?' या प्रश्नाला 'नको' हेच उत्तर येणार. पण प्रत्यक्ष गेल्यावर तो चार पावलं रेंगाळतो, झाडाकडे पाहतो, काहीतरी बोलतो. म्हणून प्रश्न विचारून निर्णय त्याच्यावर टाकू नका. 'चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ, दहा मिनिटं' असं म्हणून आपण चपला घालायच्या. परत आल्यावर लगेच वहीत लिहायचं : जाण्याआधी किती मजा येईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात किती आली. आठवडाभराने ते आकडे त्याला दाखवायचे. 'आधी २, नंतर ५' ही त्याच्याच हाताची नोंद कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त कामाची असते. तरीही तो नाही म्हणाला, तर तो दिवस सोडून द्यायचा.

पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच गोष्ट, ठरलेल्या वेळी आणि दहा मिनिटांची. झाडांना पाणी घालणं, कपड्यांच्या घड्या करणं, काहीही चालेल, फक्त ती दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाची असावी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वेळ वीस मिनिटांवर न्या, मग दुसरी गोष्ट जोडा. बहुतेक घरांत हे तिसऱ्या दिवशी कोसळतं, कारण उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी अंघोळ, व्यायाम, वाचन, भाजी आणणं असं सगळं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असतं. लक्ष आणि स्मरणशक्ती हीही आजाराने मंदावलेली असते. एका वेळी एकच सूचना द्या, आणि तीन पायऱ्यांचं काम असेल तर तीन ओळींत लिहून जागेवर लावा.

जे त्रास कोणी आपणहून सांगत नाही

पाय स्वस्थ न राहणं, सतत उठबस करणं, एका जागी उभं राहिल्यावर पाय आलटून-पालटून उचलणं हा औषधाचा परिणाम असतो. तो बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवस ते काही आठवड्यांत येतो. घरचे त्याला 'अस्वस्थ झालाय, आजार वाढला' समजतात, डोस आणखी वाढतो आणि त्रासही वाढतो. हा त्रास इतका असह्य होऊ शकतो की मनात आत्महत्येचे विचार येतात, म्हणून पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. डोस कमी करून, औषध बदलून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देऊन तो आवरता येतो.

लैंगिक इच्छा कमी होणं, पाळी थांबणं, छातीतून दुधासारखा स्राव येणं हे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) वाढल्यामुळे होऊ शकतं. रिस्पेरिडोन आणि अॅमिसल्प्राइड या औषधांत हे जास्त दिसतं, अॅरिपिप्रॅझोलमध्ये कमी. आईवडिलांसमोर हे कोणी बोलत नाही, आणि गुपचूप गोळ्या बंद होण्यामागचं एक मोठं कारण हेच असतं. प्रत्येक भेटीत निदान पाच मिनिटं शुभार्थीला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

ट्रायहेक्सिफेनिडिल ही कडकपणासाठी दिली जाणारी गोळी अनेकांच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तशीच पुढे सरकत राहते. ती स्मरणशक्ती मंदावते, तोंड कोरडं करते, बद्धकोष्ठ वाढवते. दर तीन महिन्यांनी विचारा : 'ही अजून लागते का?' बंद करायची असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू करायची, एकदम नाही.

शरीर : खरा धोका इथे आहे

दीर्घकालीन स्किझोफ्रेनियात आयुर्मान साधारण १० ते २० वर्षांनी घटलेलं आढळतं, आणि त्यातला मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह आणि फुप्फुसांच्या आजारांचा असतो. म्हणून तपासण्यांचं वेळापत्रक मानसोपचारांइतकंच गंभीरपणे घ्या. नवं औषध सुरू करण्याआधी वजन, कंबरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि रक्तातल्या चरबीची तपासणी करून घ्या. वजन ४, ८ आणि १२ आठवड्यांनी, मग दर तीन महिन्यांनी. घरी काटा असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला बघणं चांगलं. शुगर, बीपी आणि चरबी १२ आठवड्यांनी पुन्हा, नंतर निदान वर्षातून एकदा.

मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं वजन ६३ झालं, की थांबून बोलायची वेळ आली. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांनी वजन सर्वांत जास्त वाढतं. वाढ पहिल्या काही महिन्यांतच वेगाने होते आणि नंतर उतरवणं फार कठीण जातं. औषध बदलणं किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध जोडणं हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. घरात गोड पेयं आणणं बंद करणं हा एकच नियम सगळ्यांनी पाळला तरी बराच फरक पडतो. फक्त शुभार्थीवर पहारा ठेवला तर त्यातून भांडणं होतात.

सिगारेटबद्दल एक गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन जास्त वेगाने निकालात काढतं. माणूस रुग्णालयात दाखल होतो, तिथे सिगारेट बंद असते, त्या अवस्थेत डोस ठरतो. घरी आल्यावर सिगारेट पुन्हा सुरू होते, रक्तातलं औषध उतरतं आणि काही आठवड्यांत आवाज परत येतात. घरचे म्हणतात 'गोळ्या रोज देतोय, तरी असं का?' उलट, सिगारेट अचानक सोडली तर आठवडाभरातच औषधाची पातळी चढते : गुंगी, लाळ, फिट (आकडी) येण्याचा धोका. म्हणून सोडण्याची तारीख आधी डॉक्टरांना सांगा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, त्यामुळे सिगारेट सोडल्यावर चढणारी पातळी निकोटिनच्या गमने किंवा पट्टीने टळत नाही. कॉफीही अचानक खूप वाढवू किंवा बंद करू नये, क्लोझापिनची पातळी तिनेही बदलते.

दात राहून जातात. औषधांनी तोंड कोरडं पडतं, दात लवकर किडतात, आणि दुखरा दात माणसाला चिडचिडा करतो. सहा महिन्यांनी एकदा दाखवून यावं.

गोळी, इंजेक्शन आणि क्लोझापिन

'बरं वाटतंय' म्हणून औषध सोडणं हे आजार उलटण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पहिल्यांदा आजारी पडलेल्यांच्या एका पाठपुराव्यात औषध थांबवलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट आढळला. प्रत्येक उलटणं नोकरी, मैत्री आणि आत्मविश्वास थोडा थोडा हिरावून नेतं. सात कप्प्यांची डबी रविवारी शुभार्थीने स्वतः भरावी, शुभंकराने नुसतं शेजारी बसावं. 'घेतलीस का?' हा प्रश्न रोज चार वेळा होत असेल तर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायच्या, शरीरात हळूहळू औषध सोडणाऱ्या डेपो इंजेक्शनबद्दल विचारा. घरातला रोजचा एक वाद त्याने मिटतो. काही इंजेक्शनांचा परिणाम सुरू व्हायला आठवडे लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

दोन वेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी किमान सहा आठवडे नीट घेऊनही भास किंवा संशय कायम असतील तर क्लोझापिनचा विषय काढायलाच हवा. साधारण एक तृतीयांश शुभार्थी या गटात मोडतात आणि अनेकांना ते फार उशिरा मिळतं. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होण्याची शक्यता असते, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. ताप किंवा घसादुखी आली तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. तो अगदी कमी मात्रेपासून पुन्हा चढवावा लागतो. तीन दिवस शौचाला झालं नाही किंवा पोट दुखून फुगलं तर तातडीने दाखवा, क्लोझापिनचा बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतो. रात्री लाळ गळते त्यासाठी कुशीवर झोपणं आणि उशीवर टॉवेल, एवढ्याने भागलं नाही तर औषध मिळतं.

कुठलंही मनोविकारविरोधी औषध घेताना जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपणं एकत्र दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

घरातलं बोलणं

जॉर्ज ब्राउन यांनीच १९५० च्या दशकात पाहिलं की रुग्णालयातून सुटून काही विशिष्ट घरांत गेलेली माणसं वारंवार परत येतात. पुढे क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ या संशोधकांच्या १९७६ च्या कामातून चित्र स्पष्ट झालं. टीका, वैर आणि अतिकाळजी ज्या घरांत जास्त, तिथे आजार लवकर उलटतो, आणि आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर धोका आणखी वाढतो. याचा अर्थ आजार घरच्यांमुळे झाला असा मुळीच नाही. थकलेल्या, घाबरलेल्या माणसांच्या तोंडून असं बोलणं निघतं.

बदल करायचा तो वाक्याच्या पातळीवर. 'तुला काही फिकीरच नाही, दिवसभर नुसता पडून!' याऐवजी 'ताट घासायचं राहिलंय. जेवल्यावर लगेच घासलंस तर मला बरं पडेल.' पहिल्या वाक्यात माणसावर शिक्का आहे, दुसऱ्यात एक काम आणि एक वेळ. अतिकाळजीचं वाक्य प्रेमळ वाटतं : 'राहू दे, तुला नाही जमायचं, मी करते.' त्याऐवजी 'तू सुरुवात कर, मी इथेच आहे.' त्याच्या भ्रमाबद्दल, म्हणजे आजारातून आलेल्या खोट्या समजुतीबद्दल, वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. 'तुला खूप भीती वाटतेय ना, बस माझ्याजवळ' एवढं पुरतं. आणि आठवड्याच्या ३५ तासांचं गणित दोघांच्याही भल्याचं आहे : शुभंकराने रोज दोन तास घराबाहेर स्वतःसाठी काढावेत.

काम, पैसे, लाज

'आधी पूर्ण बरा होऊ दे, मग नोकरी' या वाटेवर वर्षं निघून जातात. इच्छा असेल तर आधी खरं काम शोधायचं आणि कामावर असताना आधार द्यायचा, ही पद्धत दीर्घ प्रशिक्षणापेक्षा जास्त लोकांना नोकरीपर्यंत नेते. सुरुवात दिवसाला दोन तासांची, गुंगी नसलेल्या वेळेत. रात्रपाळी टाळा, झोप मोडली की आजार डोकं वर काढतो. कमाई थोडी असली तरी ती शुभार्थीच्याच हातात राहावी.

आजाराची समज वाढली की सगळं सुधारेल असं वाटतं, पण समजेसोबत लाजही आली तर नैराश्य वाढतं. म्हणून निदान समजावून सांगताना त्याच बैठकीत पुढच्या महिन्याची एखादी शक्य गोष्टही ठरवा. इतर शुभार्थींच्या स्वमदत गटात हे सर्वांत सोपं होतं. साधारण २० पैकी एका शुभार्थीचा मृत्यू आत्महत्येने होतो, आणि धोका आजाराच्या पहिल्या वर्षांत व डिस्चार्जनंतरच्या काळात जास्त असतो. 'जीव नकोसा वाटतो का? काही करायचं मनात येतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. होकार आला तर एकटं सोडू नका, औषधांचा साठा स्वतःकडे घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

फ्रिजवर लावायचा कागद

शुभार्थी बरा असताना त्याच्यासोबत बसून मागच्या वेळी आजार उलटण्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत काय बदललं होतं ते आठवा. झोप कमी झाली, फोन उचलणं बंद केलं, पडदे सतत ओढले, एखादाच विषय पुन्हा पुन्हा काढला, अशी त्याची स्वतःची तीन-चार चिन्हं त्याच्याच शब्दांत लिहा. त्यांच्याखाली लिहा : कोणाला फोन करायचा, कोणतं औषध आधी उपयोगी पडलं होतं, कोणी त्याच्याशी बोललेलं त्याला चालतं. दोघांनी सही करा. दोन चिन्हं सलग तीन दिवस दिसली की फोन, असा नियम आधीच ठरलेला असला की त्या दिवशी 'मला वेडा ठरवताय का' यावर भांडण होत नाही.

आठ आठवड्यांनी तेच सहा प्रश्न पुन्हा विचारा आणि जुनी उत्तरं शेजारी ठेवा. जिथे काहीच हललं नाही तिथला उपाय बदला, जिथे थोडं हललं तिथला तसाच पुढे चालू द्या. सहावा प्रश्न, 'एकच गोष्ट बदलता आली तर कोणती?', याचं उत्तर बहुधा बदललेलं असतं. पुढच्या आठ आठवड्यांचं काम त्या नव्या उत्तरापासून सुरू करा.